कापलेल्या फण्यांचा हिशेब

मार्चचा दुसरा आठवडा होता. मोहोळच्या पुढे आत, सीनेच्या अंगाला माझ्या थोरल्या बहिणीची शेती आहे. सकाळचे आठ वाजले नव्हते, तरी बांधावर उभे राहवत नव्हते, इतके ऊन चढले होते. केळीच्या बागेत शिरल्यावर मात्र ओलसर गारवा लागला. पुढच्या ओळीत एक बाई लहान शिडीवर चढून उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर नुकताच निसवलेला घड होता, हातात छोटा धारदार चाकू. ती घडाच्या खालच्या टोकाकडच्या फण्या एकामागून एक कापून खाली टाकत होती. फण्या कोवळ्या, करंगळीएवढ्या केळ्यांच्या. कापल्या जागेतून पांढरा चीक टपटपत होता.

"आठ ठेवायच्या, मामा. बाकीच्या जातील," भाचा म्हणाला.

मी मोजल्या. घडाला अकरा फण्या होत्या. तीन जमिनीवर आल्या. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाचे डोके अशा वेळी गप्प बसत नाही. सहा बाय पाच फुटांवर लावण म्हणजे एकरी १४५२ झाडे. प्रत्येकाच्या तीन फण्या, फणीला सरासरी चौदा केळी. म्हणजे एका एकरातून साठ हजारांवर केळी, ती वाढायच्या आधीच, मजुरी देऊन, आपल्याच हातांनी मातीत. शेळ्यांची चंगळ.

बांधावर बसलेल्या दाजींनी माझा चेहरा वाचला असावा. "काय पावणं," ते म्हणाले, "तुमच्या बँकेत बी असंच करत हुता का? ठेव आली की त्यातली तिसरा हिस्सा भाईर फेकायची?"

दाजींचे वय पंचाहत्तर. त्यांनी या जमिनीत ज्वारी केली, ऊस केला, डाळिंब केले. डाळिंबावर तेल्या आला तेव्हा स्वतःच्या हाताने लावलेली झाडे स्वतःच उपटून बांधावर जाळली. वजन कापून टाकायचे शास्त्र त्यांना पटत नव्हते. शेवटी बापलेकांत तह झाला. कडेच्या दोन ओळींना चाकू लावायचा नाही. त्या ओळी दाजींच्या. जूनमध्ये माल निघेल तेव्हा बघू.

मी त्या दिवशी दाजींच्या बाजूने होतो असे कबूल केले तर वाचकांनी हसू नये. माझ्या पिढीच्या बँक अधिकाऱ्यांना उत्पन्न म्हणजे वजन असेच शिकवले गेले होते.

१९९१ पासून तीन वर्षे मी रावेर तालुक्यातल्या एका शाखेत शेती अधिकारी होतो. सोलापुरी माणसाला तो मुलूख म्हणजे हिरवा समुद्रच वाटला. बागा बसराई जातीच्या, खोडे बुटकी आणि जाड. पाणी दांडाने, मोकाट. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून घडच्या घड डब्यांत भरून दिल्लीकडे जायचे. खाली वाळलेली पाने, वर घड, त्यावर पुन्हा पाने. कर्जप्रकरण करताना माझे गणित सरळ असायचे : खोडे किती, घड सरासरी किती किलोचा, भाव किती. तीन आकडे गुणले की परतफेडीची क्षमता तयार. घडाला किती फण्या असाव्यात, फळाची लांबी किती असावी, सालीवर डाग किती चालतात, यातला एकही प्रश्न आमच्या छापील नमुन्यात नव्हता. त्यामुळे तो मला पडलाही नाही.

एक शेतकरी आठवतो. पन्नाशीचा, पांढरी टोपी, बोलणे कमी. दोन एकरांना ठिबक बसवायचे म्हणून आला होता. ठिबक तेव्हा नवे होते आणि आम्हाला त्याची उद्दिष्टे होती, त्यामुळे ते प्रकरण सोपे. पण अर्जाच्या शेवटी त्याने आणखी एक रक्कम मागितली होती : घड पडल्यानंतरच्या कामांसाठी मजुरी. केळफूल मोडणे, खालच्या फण्या काढणे, घड झाकणे, झाडाला टेकू देणे. मी विचारले, "फण्या काढायला पैसे? मग वजन कमी नाही का होणार?" तो म्हणाला, "साहेब, एका ताटात दहा पोरं जेवायला बसवली की एकाचंही पोट भरत नाही."

मी ती ओळ लाल शाईने कापली. शेजारी लिहिले, 'अनुत्पादक खर्च'. आजही त्या दोन शब्दांची आठवण झाली की कानशिले तापतात. त्याने पुढे काय केले, मजुरीचे पैसे कुठून उभे केले, मला कळले नाही. माझी बदली झाली. बँक अधिकाऱ्याच्या गोष्टींना शेवट नसतो, बदली असते. मी पुढे कादंबऱ्या लिहायला लागलो त्याचे एक कारण हेही असेल.

तो शेतकरी बरोबर का होता, हे समजायला मला केळीचे झाड नीट समजून घ्यावे लागले. झाड म्हणतो खरे, पण केळीला खोड नसतेच. ज्याला आपण बुंधा म्हणतो ते पानांच्या देठांचे एकावर एक गुंडाळलेले वेटोळे. खरे खोड जमिनीत, गड्ड्यात. लावणीनंतर चार-पाच महिन्यांनी त्या गड्ड्याच्या टोकाशी, बुंध्याच्या आत, आपल्या नजरेआड घडाची घडण होते. किती फण्या येणार हे तेव्हाच ठरते. पुढे सातव्या-आठव्या महिन्यात केळफूल वर येते, शेतकरी म्हणतो 'बाग निसवली', आणि मग खतांच्या दुकानाकडे धावतो. त्या धावण्याने असलेली फळे भरतील, पण एकही फणी वाढणार नाही. वाढायची वेळ तीन महिन्यांमागे निघून गेलेली असते.

म्हणून केळीत तारखेला महत्त्व. आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे झाडाला वर्षाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश लागते. आकडा फारसा अवघड नाही. अवघड आहे ते तो तुकड्यातुकड्यांनी, वेळेवर देणे. सुरुवातीच्या महिन्यांत नत्र कमी पडले तर घड लहानच जन्मतो. फळ भरायच्या काळात पालाश कमी पडले तर ते बारीक राहते, गोडीही उतरते. ठिबकमधून आठवड्याला थोडे थोडे खत देता येते, हा ठिबकचा पाणी वाचवण्याइतकाच मोठा फायदा. मोहोळकडच्या काळ्या, चुनखडीच्या रानांत तर आणखी एक घोर असतो. लोह जमिनीत असते पण मुळांना मिळत नाही, आणि कोवळी पाने पिवळी पडतात. कालव्याखालच्या चिबड जमिनीत मुळेच गुदमरतात. तिथे खताच्या गोणीपेक्षा एक चर खणणे जास्त उपयोगी.

बाजूने येणारी पिले हा दुसरा चोर. आईच्या गड्ड्यावरच ती पोसतात. दर दोन-तीन आठवड्यांनी कापली नाहीत तर घडाच्या वाट्याचे अन्न ती खातात. पानांचे याच्या उलट. निसवणीच्या वेळी झाडावर बारा-तेरा धडधाकट पाने हवीत, कारण त्यानंतर नवे पान येत नाही. जी आहेत त्यांच्यावरच तीन-साडेतीन महिने घड भरायचा असतो. करप्याने दोन-चार पाने गेली की घड वेळेआधी पिवळसर होऊ लागतो, वाटेतच पिकतो. म्हणून रोगट पान लगेच कापायचे आणि निरोगी पान जिवापाड जपायचे.

आता फण्यांकडे येतो. घडाच्या वरच्या फण्या आधी उमलतात, त्यांना अन्न आधी मिळते. खालच्या उशिरा येतात आणि कायम मागे राहतात. वरची फणी काढणीला येते तेव्हा तळाची अजून बोटभरच असते. सगळ्या ठेवल्या तर वरच्यांचाही घास तुटतो. खालच्या तीन काढल्या, केळफूल मोडले, तर तेच अन्न आठांत वाटले जाते. फळे लांब आणि जाड होतात, आणि एकाच वेळी तयार होतात, जे व्यापाराला सर्वांत मोलाचे. घडाचे एकूण वजन थोडे घटतेही, हे लपवण्यात अर्थ नाही. पण गिऱ्हाईक घड विकत घेत नाही. ते डझन घेते, आणि परदेशातले तर पेटी घेते.

डागांचेही तसेच. सालीवरची खरबरीत तांबूस पुटकुळी आपण काढणीच्या वेळी बघतो, पण ती फुलकिड्यांनी केळफूल बंद असतानाच, पाकळ्यांच्या आत शिरून केलेली असते. नंतर फवारून काही होत नाही. म्हणून केळफूल नुकतेच वर येऊन उभे असतानाच त्यात सुई टोचून औषध सोडतात. या कामाला दोन-चार दिवसांचीच सवड असते, आणि सगळी बाग एका दिवशी निसवत नाही. रोज बागेत हिंडून आज कोणते फूल वर आले ते बघावे लागते. मग फळांच्या टोकाला वाळू लागलेले फुलांचे अवशेष हाताने खुडायचे, नाहीतर ते शेजारच्या फळाला ओरखडतात आणि तिथे बुरशी धरते. मग घडावर पिशवी चढवायची, म्हणजे धूळ, ऊन, पानाचे घासणे टळते. मग झाडाला पट्टीने बांधायचे. आमच्या बागेत ही सगळी कामे सहा बाया करत होत्या. त्यांच्यातली जी शिडीवर होती तिला मी विचारले, किती फण्या ठेवायच्या हे कसे ठरवता? ती म्हणाली, "पानं मोजते की." बुंधा बारीक, पाने कमी, तर ती सातच ठेवते. भाच्याने आठ सांगितले होते. तिने त्याचे ऐकले नव्हते, आणि ते योग्यच केले होते.

हे सगळे सोलापूर जिल्ह्याने कधी शिकले? केळी म्हटले की महाराष्ट्राला जळगाव आठवते, आणि ते रास्तच आहे. नव्वदच्या दशकात जळगावातच टिश्यूकल्चरची रोपे आणि ठिबक यांची जोडी जमली आणि बसराईच्या जागी ग्रँड नैन आली. शेतकरी तिला 'जी-नाईन' म्हणतो. मूळ फ्रेंच नावाचा अर्थ 'मोठी बुटकी' असा आहे, हे कळल्यावर आमच्या दाजींनी शिवारभर सांगितले. आमचा जिल्हा तेव्हा ज्वारीचा. रब्बी ज्वारीची जी मालदांडी महाराष्ट्राच्या घराघरांत भाकरी होऊन पोहोचली, ती 'एम ३५-१' १९३० च्या दशकात मोहोळच्याच संशोधन केंद्रावर निवडली गेली. पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. अशा मुलखात केळी ही चेष्टाच ठरली असती.

उजनीने ते बदलले. १९८० साली धरण पूर्ण झाले आणि भीमेचे पाणी मागे पसरले. आधी ऊस आला. मग ऊस तोडणीला होणारा उशीर, बिलाची वाट आणि डाळिंबावरचे रोग यांना कंटाळलेल्या करमाळा, माढा, माळशिरसच्या शेतकऱ्यांनी केळीकडे मोहरा वळवला. करमाळा तालुक्यातले कंदर गाव आज निर्यातीच्या केळीसाठी ओळखले जाते. टेंभुर्णीच्या परिसरात शीतगृहे आणि पॅकिंगची केंद्रे उभी राहिली. माल आखातात जातो, इराणकडे जातो. यात हवामानाचाही हात आहे. जळगावकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की केळीला 'चरका' बसतो, साल काळवंडते, वाढ थांबते. सोलापूरची थंडी बहुधा तेवढी बोचरी नसते. उन्हाळा मात्र आमचा भाजून काढणारा. दक्षिण-पश्चिमेला शेवरीची किंवा गजराज गवताची भिंत नसेल तर पाने फाटून झिरमिळ्या होतात.

आमच्या तालुक्याला केळी उशिराच आली, आणि शेजाऱ्याचे पाहून आली. पाहून येणाऱ्या पिकाचा धोका असा की जे दिसते तेवढेच उचलले जाते. रोपे तीच, ठिबक तेच, खतांच्या पिशव्याही त्याच. घड पडल्यानंतरचे महिनाभराचे काम मात्र बांधावरून दिसत नाही. मग काढणीला गाडी येते आणि एकाच शिवारात एकाचा माल पेटीत जातो, दुसऱ्याचा गावठी भावात.

पेटी काय मागते ते सांगण्यासारखे आहे. काढणीच्या दिवशी माणूस कॅलिपर नावाचा चिमटा घेऊन येतो आणि मधल्या फळाची जाडी मोजतो. घड खांद्यावर गादी ठेवून आणतात, जमिनीला टेकवत नाहीत. फण्या सोडवून तुरटीच्या पाण्यात टाकतात, म्हणजे चीक निथळतो आणि डाग पडत नाहीत. मग चार-सहा फळांचे झुपके करून तेरा किलोची पेटी भरतात. तेरा-साडेतेरा अंशांवर ती न्हावा शेवा बंदराकडे निघते. चाळीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे वीस टन माल मावतो. १९९४ साली युरोपीय संघाने केळ्याबद्दल एक नियम केला : लांबी किमान १४ सेंटिमीटर, जाडी किमान २७ मिलिमीटर, आणि वाकडेपणा 'असाधारण' नसावा. त्या शेवटच्या कलमावर इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी पुढे कित्येक वर्षे विनोद केले. आम्हीही बँकेत केले. पण त्यातल्या चौदा सेंटिमीटरकडे आपण लक्ष दिले नाही. घडाच्या तळाच्या तीन फण्या नेमक्या तिथेच नापास होतात.

भारत जगात सर्वांत जास्त केळी पिकवतो. निर्यातीत मात्र पहिला आहे इक्वेडोर, आपल्या मानाने चिमुकला देश, आणि आपला वाटा अजून अगदी थोडा. याचे कारण आपण घरी केळी फार खातो हे आहेच, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. पण दुसरे कारण असे की आपली सगळी व्यवस्था, बँकेपासून बाजार समितीपर्यंत, घडाचे वजन बघते. पीककर्जाचा एकरी दर जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवते. १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड आले, पैसे काढणे सुटसुटीत झाले. तरी व्यवहारात होते असे की बहुतेक रक्कम लावणीच्या वेळी उचलली जाते. रोपे, ठिबक, शेणखत यांत ती संपते. सात महिन्यांनी बाग निसवते तेव्हा खाते रिकामे असते, आणि नेमक्या त्याच चार आठवड्यांत शिडीवरच्या बाईला रोज द्यायचा असतो, पिशव्या आणायच्या असतात, पट्ट्या बांधायच्या असतात. शेतकरी मग काय कापतो? फण्या नाही, मजुरी कापतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की केळीच्या कर्जाचा एक हप्ता निसवणीला राखून ठेवावा. शाखेतल्या माणसाने तेव्हा बागेत जावे, किती फुले वर आली ते बघावे आणि घडाच्या निगेचा पैसा तेव्हा सोडावा. यात बँकेचे नुकसान नाही. ज्या बागेचा माल पेटीत जातो तिचे कर्ज फिटते. माझ्या जुन्या सहकाऱ्यांना हे सांगितले तर ते म्हणतात, माणसे कुठे आहेत? शाखेत दोन अधिकारी, त्यातला एक विमा विकतोय. त्यांचेही खोटे नाही. पण घरांच्या कर्जात आपण पाया, जोते, स्लॅब असे टप्पे बघून पैसे देतो. तिथे माणसे सापडतात.

दुसरी गोष्ट व्यापाऱ्याच्या चिठ्ठीची. नापास माल किती आणि का नापास, हे बहुतेक वेळा तोंडी सांगितले जाते. 'डाग जास्त होते.' कोणते डाग? फुलकिड्याचे, पानाच्या घासण्याचे, की हाताळणीतले? पहिल्याचा दोष सुईचा, दुसऱ्याचा पिशवीचा, तिसरा तर काढणीच्या टोळीचा, म्हणजे बहुधा खरेदीदाराच्याच माणसांचा. हे कागदावर आले तर शेतकरी पुढच्या वर्षी सुधारेल आणि टोळीही जपून हात लावेल. आणि या बाया. त्यांना खुरपणीच्या बाईचाच रोज मिळतो. फळाचा दर्जा ज्या हातांत आहे त्यांना कारागिराची मजुरी द्यायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भाच्याने यंदा वाढवून दिली. शेजाऱ्यांनी त्याच्याशी आठवडाभर अबोला धरला.

एवढे करूनही पदरात काय पडेल हे शेतकऱ्याच्या हातात नाही, हेही सांगायला हवे. २०२० च्या टाळेबंदीत उत्तम निगा राखलेल्या बागांतही माल पिकून गळाला. आखातात कुठे खुट्ट झाले की टेंभुर्णीचा भाव हलतो. वळवाचे वारे दहा मिनिटांत बाग आडवी करतात. हवामानावर आधारित फळपीक विम्यात जोराच्या वाऱ्याला जागा आहे, पण वारा मोजला जातो तो हवामान केंद्रावरच्या यंत्राने, तुमच्या बांधावर नाही. पाण्याचे तर विचारूच नका. उजनीच्या ११७ टीएमसीपैकी निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे आणि कोरड्या वर्षी त्यालाही हात घालावा लागतो. ठिबक असले तरी केळी ही केळीच, मालदांडी नव्हे. ज्याच्या विहिरीला एप्रिलमध्ये पाणी नाही त्याने शेजाऱ्याचे पाहून लावू नये, असे मी कर्ज देणारा असताना सांगितले असते आणि आजही सांगेन.

रोगाची भीती वेगळीच. ग्रँड नैन काय, बसराई काय, दोन्ही कॅव्हेंडिश या एकाच घराण्यातल्या. हे घराणे जगभर पसरले कारण त्याआधीची ग्रो मिशेल ही जात पनामा मर रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यापारातून बाद झाली. आता त्याच रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो बिहार, उत्तर प्रदेशातल्या बागांत आढळला आहे. त्याला औषध नाही. तो मातीतून, गड्ड्यांतून, चिखलाच्या बुटांतून फिरतो. स्वस्त मिळतात म्हणून लांबून आणलेले गड्डे किंवा बिनपरवान्याची रोपे घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. एका हंगामात चार रुपये वाचतील आणि रान कायमचे जाईल.

मे महिन्याच्या अखेरीस वळीव आलाच. पट्ट्या बांधल्या होत्या तरी आमची तीसेक झाडे पडली. दाजींच्या दोन ओळींतली त्यात पाच. भाचा दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काढणीची गाडी आली आणि मी मुद्दाम सोलापूरहून गेलो. दाजींनी वजनकाटा आधीच मांडून ठेवला होता. न कापलेल्या ओळीतला घड सरासरी दोन किलोंनी जड भरला. दाजी काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघून मिशीवरून हात फिरवला. मीही हसलो. तेवढ्यात चिमटेवाला आला. त्याने दाजींच्या ओळीतल्या वरच्या फणीला चिमटा लावला आणि म्हणाला, "ह्याला अजून आठ-दहा दिवस पाहिजेत." आठ-दहा दिवसांनी गाडी पुन्हा दोन ओळींसाठी येणार नव्हती. घड कापले. तळाच्या फण्या बाजूला पडल्या, मधल्यांतल्याही काही. बाजूचा ढीग वाढत गेला. भाच्याच्या ओळींतला नापास माल एका घमेल्यात उचलता येत होता, तो बहुतेक वाऱ्यात घासलेला.

दाजी काट्यापासून उठले आणि पेट्यांपाशी जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत ते पेट्याच मोजत होते. ढिगातल्या मालाचा भाव गावच्या व्यापाऱ्याने सांगितला तेव्हा त्यांनी घासाघीसही केली नाही, म्हणाले, घेऊन जा.

गाडी गेल्यावर अक्काने चहा आणला. दाजींनी बशीत ओतला, फुंकर मारली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पावणं, खोडवा कवा निसवंल?"

"नोव्हेंबर-डिसेंबरात असेल," मी म्हणालो.

"मग त्या शिडीवरच्या बाईला आत्ताच सांगून ठिवा. दिवाळीला कायतरी उचल बी द्या. त्या वक्ताला मिळायच्या न्हाईत त्या."